राखीव जागेवरचा मुका पंच



ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचा निकाल लागतो त्या दिवशी आपल्या वस्तीत काय घडते हे तुम्ही जाणता. गुलाल उधळला जातो, हलगी वाजते, निवडून आलेल्या आपल्या माणसाला खांद्यावर घेऊन मिरवणूक निघते, ती विहारापाशी थांबते आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार पडतो. हे सारे योग्यच आहे. ज्या गावाने आजोबाला चावडीच्या पायरीखाली उभे केले, त्याच गावाच्या कारभारात नातू खुर्चीवर बसणार, याचा आनंद कोणाला होणार नाही? परंतु गुलाल धुतला गेल्यावर पुढे काय होते, हा माझा प्रश्न आहे. पाच वर्षे सरल्यावर त्याच माणसाला विचारा की, बाबा रे, तू किती सभांना हजर होतास, कोणत्या ठरावाला विरोध केलास, वस्तीच्या हक्काचा पैसा किती जमला आणि तो कोठे खर्ची पडला? पुष्कळ गावी त्याची मान खाली जाईल. वस्तीत गटार नाही, नळाला पाणी शेवटी येते, स्मशानभूमीला रस्ता नाही. आणि या सर्व काळात आपला एक माणूस पंचायतीत होता! मग तो तेथे काय करीत होता?

याचे उत्तर कटू आहे. तो सह्या करीत होता.

सवर्ण गावकऱ्यांच्या नावाने बोटे मोडणे सोपे आहे आणि त्यांचा दोष मी झाकणार नाही. पण आजचा हा लेख त्यांच्यासाठी लिहिलेला नाही, तो तुमच्यासाठी आहे. कारण राखीव जागेवर मुका माणूस बसवणारे ते असले, तरी त्याला मते देणारे, त्याच्या मिरवणुकीत नाचणारे आणि पुढे पाच वर्षे त्याला एकही प्रश्न न विचारणारे आपण आहोत.

स्थानिक सभागृहातील एका वर केलेल्या हाताची किंमत काय असते, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी महाडचा इतिहास पुन्हा एकदा वाचावा. आपण १९ आणि २० मार्च १९२७ या तारखा पाठ म्हणतो. चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले तो प्रसंग आपल्या मुलांना तोंडपाठ असतो. पण त्या प्रसंगाच्या अलीकडचा आणि पलीकडचा भाग आपण गाळतो. तो भाग नगरपालिकेचा आहे. ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव संमत करून घेतला की, सार्वजनिक पैशातून बांधलेली वा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने व कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. त्याला अनुसरून जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला आणि दप्तरात पडून राहिला. तीन वर्षे त्या तळ्याकडे कोणी अस्पृश्य फिरकू शकला नाही. १९२७ च्या मार्चमध्ये हजारो माणसे गेली, पाणी प्याली आणि त्याबद्दल डोकी फोडून घेऊन परतली. मग त्याच नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी काय केले? १९२४ चा आपला ठराव रद्द केला! त्या वर्षाच्या डिसेंबरातली दुसरी परिषद, दिवाणी दावा, मनाई हुकूम आणि दहा वर्षांची कोर्टबाजी, हे सर्व त्यानंतरचे आहे. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवणारी रूढी सिद्ध होत नसल्याचे ठरवले, तेव्हा प्रकरण मिटले.

यातून काय दिसते ते नीट पाहा. तळे उघडणारा ठराव सभासदांनी केला. तो दप्तरात कुजू दिला तोही सभासदांनी. संकट आले तेव्हा तो मागे घेतला, तेही सभासदांनीच. या हातांमध्ये अस्पृश्यांचा एक तरी बोलका आणि निर्भय हात असता, तर ठराव कदाचित तरीही रद्द झाला असता. पण तो मुकाट्याने रद्द झाला नसता. महाडच्या नगरपालिकेत सुरेंद्रनाथ टिपणीसांसारखे आपल्या बाजूने उभे राहणारे सवर्ण गृहस्थ होते, हेही कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. परंतु दुसऱ्याच्या सद्बुद्धीवर आपला हक्क टांगून ठेवणे किती काळ परवडेल, हा धडा महाडनेच शिकवला.

बाबासाहेबांनी तो धडा घेतला होता. १९३२ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई कौन्सिलात ग्रामपंचायतींचे विधेयक आले तेव्हा त्यांनी त्याला कडाडून विरोध केला. पंचायती नकोत म्हणून नव्हे. गावातील अस्पृश्य अल्पसंख्य आहे, विखुरलेला आहे, पोटासाठी दुसऱ्यावर अवलंबून आहे. त्याला खास प्रतिनिधित्व न देता गावाचा कारभार गावाच्या हाती सोपवणे म्हणजे बकरीचा सांभाळ लांडग्याकडे देण्यासारखे होते. प्रत्येक प्रौढास मताधिकार दिला तरी तेवढ्याने हे दुःख हटणार नाही, असे त्यांचे मत होते. त्याच्या थोडेच दिवस आधी, २४ सप्टेंबरला झालेल्या पुणे करारातही स्थानिक संस्थांमधील निवडणुकीत अस्पृश्यतेमुळे कोणासही अपात्र ठरवू नये व योग्य प्रतिनिधित्वाचा प्रयत्न व्हावा, असे कलम होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याच्या गौरवगीतांना त्यांनी जे उत्तर दिले, त्याने किती जणांना राग आला होता हे प्रसिद्ध आहे. पुढे घटनेत पंचायतींविषयीचे चाळिसावे कलम आले, आणि पंचेचाळीस वर्षांनी, २४ एप्रिल १९९३ पासून, त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने प्रत्येक पंचायतीत अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळाल्या. १९३२ साली जे मागितले ते एकसष्ट वर्षांनी हाती आले. ती जागा आपण कोणाला देतो? जो सरपंचाच्या वाड्यावर सकाळी चहाला जातो त्याला!

आता पंचायतीचा सदस्य म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कोण, ते समजून घ्या. महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत आणि त्यांचा कारभार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने चालतो. गावाच्या लोकसंख्येप्रमाणे सात ते सतरा सदस्य निवडले जातात. हा सदस्य लोकसेवक आहे. त्याने लाच घेतली तर ती सरकारी नोकराच्या लाचेइतकीच गुन्ह्याची आहे. पंचायतीच्या पैशाची वा मालमत्तेची हानी, उधळपट्टी किंवा अपहार झाला आणि त्यात त्याचा भाग असेल, किंवा त्याच्या गैरवर्तनाने अथवा कर्तव्याच्या ढळढळीत हयगयीने तो घडला असेल, तर ती भरपाई त्याच्या खिशातून होऊ शकते. म्हणजे "मला काही ठाऊक नव्हते, साहेबांनी सही मागितली, मी केली," ही सबब त्याला वाचवणारी नाही. उलट ती त्याच्या हयगयीची कबुलीच ठरते.

सभेविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण सारे नाटक तेथेच होते. पंचायतीची सभा दर महिन्याला भरली पाहिजे. तिची लेखी नोटीस आणि विषयपत्रिका सदस्याला मिळाली पाहिजे. सहा महिने लागोपाठ रजेवाचून जो सभेला येत नाही, त्याचे सदस्यत्व जाते. प्रत्यक्षात पुष्कळ गावांत काय चालते? सभा कागदावर भरते. शिपाई इतिवृत्ताचे पुस्तक काखेत मारून संध्याकाळी घरोघर फिरतो. आपला सदस्य दारात बसून बिडी ओढत असतो, तो विचारतो, "कुठं करू सही?" शिपाई बोट ठेवतो, हा सही करतो. पुष्कळदा सहीच्या वरचा भाग कोरा असतो! त्या कोऱ्या जागेत उद्या काय लिहिले जाईल? कदाचित वस्तीसाठी आलेले काम दुसऱ्या आळीत नेल्याचा ठराव. कदाचित ज्या गायरानावर आपली भूमिहीन कुटुंबे दोन पिढ्या राबत आहेत, तेथून त्यांना हटवावे, अशी शिफारस. आणि खाली आपल्याच माणसाची सही, म्हणजे संमती सर्वानुमते.

तुम्ही बौद्ध आहात, म्हणून एक गोष्ट तुम्हाला विशेष करून सांगतो. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की, संसदीय कामकाजाचे नियम या देशाला परके नव्हते. भिक्षुसंघाला प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, शलाकांनी मतदान हे सर्व माहीत होते. विनयपिटकातील ती पद्धत पाहा. प्रस्ताव संघापुढे मोठ्याने मांडला जाई, महत्त्वाच्या कामी तीन वेळा त्याचा पुकार होई, आणि सांगितले जाई की ज्यांना मान्य असेल त्यांनी मौन राहावे, ज्यांना मान्य नसेल त्यांनी बोलावे. कोणी बोलला नाही तर प्रस्ताव संमत झाला. सर्व हक्कदार भिक्षू हजर नसताना केलेले काम वैध नसे. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच हे ठरले आहे की, सभेत बसून गप्प राहणाऱ्याने होकारच दिलेला असतो. तेव्हा "मी विरोध केला नाही पण मनातून मला ते पटले नव्हते," असे सांगत वस्तीत फिरणाऱ्या सदस्याला तुम्ही कोणत्या तोंडाने क्षमा करता? बोलायचे नव्हते तर बसला कशाला? पटत नसेल तर उभे राहावे, विरोध करावा, आणि तो आपल्या नावानिशी इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. नोंद घेण्यास नकार मिळाला तर त्याच दिवशी तशी लेखी तक्रार गटविकास अधिकाऱ्याकडे द्यावी व पोच घ्यावी. पोच घेतल्याशिवाय आपल्या देशात काहीही दिल्यासारखे होत नाही.

पैशाकडे वळू. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी आणि १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करणे बंधनकारक आहे. ही कोणाची मेहेरबानी नाही. समजा, गावाचे स्वतःचे वार्षिक उत्पन्न चार लाख आहे. तर वर्षाला साठ हजार, पाच वर्षांना तीन लाख रुपये वस्तीचे झाले. ते कोठे गेले? सदस्याला विचारा. बहुधा असे आढळेल की, चौकातल्या दिव्याचा खर्च, शाळेच्या रंगाचा खर्च, कधी कोणा पुढाऱ्याच्या सत्काराचा मंडपदेखील या पंधरा टक्क्यांत बसवलेला आहे. "चौकातला दिवा तुमच्याही लोकांवर उजेड पाडतोच ना!" हे उत्तर मी स्वतः ऐकलेले आहे, आणि त्यावर आपला सदस्य हसला होता, हेही मी पाहिले आहे.

याखेरीज १९७४ पासून चालत आलेली दलित वस्ती सुधार योजना आहे. तिला आता अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास म्हणतात. वस्तीच्या लोकसंख्येनुसार त्यातून रस्ते, गटारे, पाणी, समाजमंदिर अशी कामे मंजूर होतात. पण प्रस्ताव कोणी पाठवायचा? ग्रामपंचायतीने. वस्तीची लोकसंख्या कागदावर कमी दाखवली गेली तर रक्कमही घटते. केंद्रीय वित्त आयोगांचा पैसा २०१५ पासून थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येऊ लागला. पंधराव्या आयोगाने तर २०२१ ते २०२६ या काळात त्यातील साठ टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांनाच बांधून दिली होती. एवढे असूनही ज्या वस्तीतील बाया अजून दुसऱ्या आळीच्या नळावर हंडा घेऊन उभ्या असतील, त्या वस्तीच्या सदस्याने त्या वर्षांचा आराखडा हातात धरून सांगावे की, त्यात आपल्या वस्तीचे नाव किती वेळा आले.

असा मुका माणूस राखीव जागेवर येतो कसा? हा योगायोग नसतो. त्याला शोधून काढलेला असतो. गावचे कारभारी वस्तीत येतात आणि सर्वांत अडलेला, सर्वांत कर्जात बुडालेला, त्यांच्याच शेतावर सालदारी करणारा माणूस हेरतात. त्याचा अर्ज तेच भरतात, अनामत तेच भरतात, जातीच्या पडताळणीची धावपळ तेच करतात. मग हा त्यांचा झाला. आमच्या शिकलेल्या तरुणाने अर्ज भरला तर त्याला सांगतात, "गावाची एकी मोडू नकोस, बिनविरोध होऊ दे." बिनविरोध! या शब्दावर मला मुळीच विश्वास नाही. ज्या गावात एकाला बोलता येते आणि दुसऱ्याला येत नाही, त्या गावाची एकी म्हणजे दुसऱ्याचे तोंड दाबलेले असते, एवढेच. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाला नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या गावांच्या निवडणुका रद्द कराव्या लागल्या, कारण तेथे पदांचा चक्क लिलाव झाल्याचे आढळले. बिनविरोधाच्या पडद्याआड काय काय चालू शकते ते तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. जेथे पदे बोलीवर जातात तेथे हातावर पोट असलेला माणूस बोली लावणार आहे काय?

आणखी एक थाप ओळखून ठेवा. "तू बौद्ध झालास, आता राखीव जागा तुझी नव्हे," असे सांगून भोळ्या माणसाला मागे सारतात. १९५६ नंतर आपल्या समाजाने या प्रश्नावर चौतीस वर्षे झगडा दिला आणि १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती झाली. अनुसूचित जातीतील ज्याने बौद्ध धम्म स्वीकारला, त्याचा अनुसूचित जातीचा हक्क त्यामुळे जात नाही. ज्यांनी अलीकडे दीक्षा घेतली त्यांनी आपली कागदपत्रे आणि वैधता प्रमाणपत्र वेळीच करून ठेवावे. अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात तहसीलच्या पायऱ्या झिजवणे म्हणजे विरोधकाला आपण होऊन विजय देणे.

स्त्रियांच्या जागांविषयी लिहिताना मला आपल्याच पुरुषांची लाज वाटते. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. आपल्या वस्तीतून बाई निवडून येते, पण कचेरीत नवरा बसतो, फोन नवरा घेतो, सहीपुरते पुस्तक तेवढे चुलीपाशी येते. गावचे लोक आपल्या माणसाशी जसे वागतात, तसेच आपण आपल्या घरातल्या सदस्येशी वागत असू, तर तक्रार कोणत्या तोंडाने करणार? तिला सभेला पाठवा. त्या दिवशी भाकरी तुम्ही थापा.

येथे कोणी म्हणेल की, लिहिणे सोपे, खेड्यात राहून बोलणे कठीण. हे मला पूर्ण मान्य आहे आणि मी ते हलके लेखणार नाही. तामिळनाडूत मदुराई जिल्ह्यातील मेलवळवू या गावची पंचायत १९९६ साली दलितांसाठी राखीव झाली. गावच्या वरिष्ठ म्हणवणाऱ्या जातीने निवडणूकच होऊ द्यायची नाही असा चंग बांधला. अखेर पोलीस बंदोबस्तात निवडणूक झाली आणि मुरुगेसन अध्यक्ष झाले. ३० जून १९९७ रोजी मदुराईहून परत येताना त्यांची बस अडवून त्यांना आणि आणखी पाच जणांना कापून काढण्यात आले. त्याच भागातील पाप्पापट्टी, कीरीपट्टी आणि नाट्टारमंगलम या राखीव पंचायतींत १९९६ पासून दहा वर्षे नीट निवडणूक होऊ शकली नाही. २००६ साली ती झाली. मुरुगेसनांनी कोणाचे काय लुटले होते? ते फक्त त्यांच्या हक्काच्या खुर्चीवर बसू पाहत होते. त्या खुर्चीचे मोल जे जाणत होते त्यांनी ती रोखण्यासाठी सहा माणसे मारली. आणि आपण तीच खुर्ची एका चहावर, एका कोंबडीवर देऊन टाकतो!

धाक आहे, तसा धाकावर कायदाही आहे. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्यात २०१५ साली दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. तिच्याप्रमाणे पंचायतीचा वा नगरपालिकेचा सदस्य किंवा अध्यक्ष असलेल्या अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीस तिचे काम करताना जबरदस्ती करणे, धमकावणे वा अडथळा आणणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि त्याला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आहे. किती सदस्यांना हे ठाऊक आहे? सभेत खुर्ची न देणारा, नोटीस न पाठवणारा, "तू गप्प बस" म्हणून दटावणारा कारभारी हे कलम ऐकताच नरमतो, याचा अनुभव काही गावांनी घेतला आहे. मात्र त्यासाठी सदस्याच्या मागे वस्ती उभी असली पाहिजे. एकटा फिर्यादी फुटतो.

"पण सतरांत आपला एक, तो काय करणार?" हा दुसरा आक्षेप. जोतिराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुण्याच्या नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. गव्हर्नर जनरलच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चावे, असा प्रस्ताव आला तेव्हा हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर लागावा म्हणून बत्तीस सभासदांत त्यांनी एकट्याने विरुद्ध मत दिले. ठराव संमत झाला, जोतिराव हरले. पण आज ते एकतीस सभासद कोणाला आठवतात? शिवाय एकट्याचे मत नेहमी हरतेच असे नाही. पंचायतीत दोन गट असतात, एखाद्या मताने पारडे फिरते, आणि त्या वेळी आपल्या मताची किंमत मोठी असते. ती वस्तीच्या नळाच्या रूपाने वसूल करायची की सदस्याच्या खिशातील नोटांच्या रूपाने, एवढाच प्रश्न उरतो.

सदस्याचा हात स्वच्छ नसेल तर मात्र तोंड उघडता येत नाही. पंचायतीच्या ठेक्यात स्वतःची किंवा भागीदाराच्या नावाने पाती ठेवणारा सदस्य अपात्र ठरतो. मागणीचे बिल मिळूनही तीन महिन्यांत कर न भरणारा अपात्र ठरतो. सरकारी वा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणाराही. या शेवटच्या कलमाचा वार आपल्यावर अधिक बसतो. आपली कितीतरी घरे गावठाणाबाहेरच्या सरकारी जागेवर आहेत. गावठाणात जागा कोणी दिली होती? १९५९ आणि १९६४ साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते याच जमिनींसाठी. तरीही कायदा सांगतो तेच होते, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, अतिक्रमण कुटुंबातील दुसऱ्याने केले असले तरी त्या जागेत राहणारा सदस्य अपात्र ठरू शकतो. बोलक्या सदस्याला बाहेर काढण्यासाठी हे हत्यार उपसले जाते. मुक्याच्या अतिक्रमणाची कोणी तक्रार करीत नाही. म्हणून आपला उमेदवार ठरवतानाच त्याच्या घराचा उतारा, नमुना आठवरील नोंद, कराची पावती पाहून घ्यावी, आणि घरे नियमित करून घेण्याचा लढा निवडणुकीच्या आधी लढावा.

एक गोष्ट आपल्या सदस्यालाही सांगितली पाहिजे. तो वस्तीचा दलाल नव्हे. दाखला काढून देणे, घरकुलाच्या यादीत भावाचे नाव घालणे, दहा रुपयांच्या कामाला शंभर घेणे म्हणजे सदस्यत्व नव्हे. तो प्रभागाचा आणि गावाचा प्रतिनिधी आहे. मराठ्याच्या विधवेचे घर कर-आकारणीत चुकले असेल, धनगराच्या वाड्यावर पाणी जात नसेल, मांगवाड्याची मागणी मागे पडली असेल, तर तेही त्याने मांडले पाहिजे. ज्यांना आपण न्याय मागतो त्यांना न्याय देताना आपण कोठे असतो, हेही गाव पाहत असते. मांगवाड्याच्या प्रश्नावर आपला सदस्य गप्प बसल्याची उदाहरणे मला ठाऊक आहेत आणि ती सांगताना मला संकोच होतो.

आता तुमचे काम. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. त्यांची गणपूर्ती एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांत जो आकडा कमी असेल तेवढी आहे. म्हणजे ज्या वस्तीत शंभर मतदार आहेत ती वस्ती एकटीच्या बळावर ग्रामसभा भरवू शकते! पण आपण त्या दिवशी कामावर जातो, गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. दहा माणसे बसून वर्षाचा हिशेब मंजूर करून घेतात. एका दिवसाची मजुरी बुडते हे खरे. पण ती वाचवताना वर्षाचे साठ हजार बुडाले.

पुढच्या ग्रामसभेला घरटी एक पुरुष व एक स्त्री अशी जा. इतिवृत्तात हजेरीची सही स्वतः करा, कोऱ्या पानावर करू नका. गेल्या वर्षाच्या पंधरा टक्क्यांचा हिशेब कामवार वाचून दाखवायला सांगा. न मिळाल्यास माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली दुसऱ्या दिवशी अर्ज द्या. आणि जाता जाता आणखी एक पाहून या. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. ते नाव अद्याप तुमच्या पंचायतीच्या दप्तरात, घरपट्टीच्या पावतीवर, रस्त्याच्या फलकावर तसेच आहे काय? असेल तर नवे नाव सुचवणारा ठराव त्याच सभेत तुमच्या सदस्याला मांडायला सांगा. तो उठतो की बसून राहतो, ते सर्वांनी पाहा.